विमानांची पुस्तके जोडीने वाचावीत

30 मे 1899 रोजी अमेरिकेतील डेटन शहरातल्या एका सायकल-दुकानदाराने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले. उड्डाणाच्या विषयावर संस्थेने जे काही प्रसिद्ध केले असेल ते पाठवावे आणि इंग्रजीत छापलेल्या इतर पुस्तकांची यादीही द्यावी, अशी त्याची विनंती होती. हा दुकानदार म्हणजे विल्बर राइट. संस्थेकडून त्याला काही पुस्तिका आणि एक यादी मिळाली. तीत ऑक्टेव्ह शनूट यांचा 1894 चा ग्रंथ होता, सॅम्युएल लँगली यांच्या प्रयोगांचे 1891 चे पुस्तक होते आणि जेम्स मीन्स यांनी काढलेले वार्षिक अंकही होते. दोन वर्षांनी, आपल्या ग्लायडरला पुस्तकी हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळते आहे हे ध्यानात आल्यावर, राइट बंधूंनी त्याच पुस्तकांतले आकडे तपासायला घेतले. सहा फूट लांबीच्या लाकडी पेटीचा विंड टनेल (हवेचा झोत सोडून पंखांचे नमुने तपासण्याचा बोगदा), सायकलच्या आऱ्यांची तार आणि हॅकसॉची पाती वापरून केलेले नाजूक तराजू आणि पंखांचे सुमारे 200 छोटे नमुने, एवढ्या सामग्रीवर त्यांनी जुन्या गणिताची झाडाझडती घेतली. दोष निघाला तो अठराव्या शतकापासून बहुतेक लेखकांनी डोळे मिटून उतरून घेतलेल्या, हवेच्या दाबाच्या एका गुणांकात. तो 0.005 असा धरला जात होता आणि प्रत्यक्षात 0.0033 च्या आसपास होता.

गंमत अशी की, आज लोकप्रिय पुस्तकांत हीच हकीकत ‘ऑटो लिलिएंटाल यांची कोष्टके चुकीची होती’ अशा एका वाक्यात सांगितलेली आढळते. खरे तर ग्लायडरचे प्रयोग करणारे जर्मन अभियंते लिलिएंटाल यांनी ज्या आकाराचा पंख मोजला होता त्या पंखापुरती त्यांची कोष्टके बऱ्यापैकी बरोबर असल्याचे राइट बंधूंना आढळले होते. म्हणजे चूक शोधून काढणाऱ्यांची गोष्ट सांगतानाही चूक होते आणि ती पुन्हा पुस्तकातून पुस्तकात उतरत राहते. म्हणून या विषयाच्या वाचकाला माझे पहिले सांगणे असे की, विमानांवरचे कोणतेही पुस्तक एकटे वाचू नये. एका घटनेवर किमान दोन पुस्तके घ्यावीत, ती शक्यतो वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या बाजूची असावीत, आणि ती कोठे एकमेकांशी जुळत नाहीत ते पेन्सिलीने टिपत जावे.

कोल्हापूरच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला, 1939 सालचा आहे, आणि उद्यमनगरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ओतकाम, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह हे शब्द कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. राइट बंधूंच्या विमानाचे सुमारे 12 अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्या दुकानातला यंत्रकारागीर चार्ली टेलर याने साधारण सहा आठवड्यांत घडवले आणि वजन वाचवण्यासाठी त्याचा क्रँककेस स्थानिक फाउंड्रीतून अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतून घेतला, हा तपशील बहुतेक चरित्रकार दोन ओळींत उरकतात. फाउंड्रीतल्या माणसाने मात्र तेथे थांबावे, कारण त्या काळी अ‍ॅल्युमिनियमचे एवढे ओतकाम म्हणजे काय होते याची कल्पना साहित्याच्या प्राध्यापकापेक्षा त्यालाच अधिक येईल. आपल्या हातांना जे ठाऊक आहे तेथून वाचनाला सुरुवात करणे हीच सर्वांत सोपी वाट असते.

पुस्तके कोठे शोधावीत

ग्रंथालयात जाऊन ‘विमानांवरची पुस्तके कोठे आहेत’ असे विचारले, तर बहुधा एकच कप्पा दाखवला जातो, आणि तेथे चार-सहा सचित्र पुस्तके पाहून माणूस परत फिरतो. हा विषय कपाटांत विखुरलेला असतो, हे आधी समजून घ्यावे. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात विमानांची रचना आणि उड्डाणतंत्र 629.13 या क्रमांकाखाली मिळते, प्रवासी व टपाल वाहतूक 387.7 खाली जाते, हवाई दलांची पुस्तके 358.4 खाली असतात, हवेच्या गतीचे शास्त्र 533.6 खाली भौतिकशास्त्राच्या शेजारी बसते, आणि वैमानिकांची चरित्रे व आत्मचरित्रे भलत्याच कपाटात, चरित्रविभागात राहतात. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाण्याची परवानगी मिळत असेल, तर हे चारही क्रमांक कागदावर लिहून न्यावेत आणि चरित्रविभागासह प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे उभे राहावे. 1850 साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात शोधाची रीत थोडी वेगळी ठेवावी. तेथे विषयापेक्षा लेखकावरून आणि जुन्या नोंदवह्यांवरून शोध घ्यावा, आणि काउंटरवरच्या अनुभवी कर्मचाऱ्याला आपल्याला नेमके काय हवे ते सविस्तर सांगावे. संगणकाच्या यादीत न सापडणारे पुस्तक अशा माणसाच्या आठवणीत सापडते.

मराठीत या विषयावरचे स्वतंत्र लेखन फार नाही, आणि जे आहे त्यातले बरेचसे मुलांसाठी किंवा प्रेरणादायी चरित्रांच्या घाटाचे आहे. ही गोष्ट मान्य करून पुढे जावे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशातील विमानविद्येच्या नोंदी मात्र पाया म्हणून आवर्जून वाचाव्यात. त्या इंटरनेटवर विनामूल्य आहेत आणि त्यांतल्या परिभाषेमुळे पुढचे इंग्रजी वाचन हलके होते. इंग्रजीसाठी खिशाला फारशी चाट लावून घेण्याची गरज नाही. शनूट, लँगली यांच्यासारखे जुने ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर पानोपान स्कॅन केलेले मिळतात, राइट बंधूंची पत्रे आणि रोजनिश्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुल्या केल्या आहेत, नासाने आपल्या इतिहासमालेतील कितीतरी ग्रंथ मोफत ठेवले आहेत, आणि अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाची वैमानिकांसाठीची हस्तपुस्तिका कोणालाही उतरवून घेता येते.

हातात घेतल्यावर काय पाहावे

दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक चाळायला मिळणारा वेळ थोडा असतो, म्हणून दोन-तीन कसोट्या मनाशी पक्क्या असाव्यात. तांत्रिक पुस्तक असेल तर पंखाला उचल कशी मिळते हे सांगणारे पान आधी उघडावे. ‘पंखाचा वरचा पृष्ठभाग फुगीर असल्याने वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते आणि खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेवर गाठण्यासाठी ती वेगाने जाते’ असे तेथे लिहिलेले असेल, तर पुस्तक परत ठेवायला हरकत नाही. दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी पोचावे असे कोणतेही बंधन निसर्गात नाही. धुराच्या रेषा सोडून केलेल्या प्रयोगांत वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेशी पोचलेली दिसते. जे पुस्तक पंखाचा हवेशी होणारा कोन, हवेचे खाली वळणे आणि दाबातील फरक या तिन्हींचा एकत्र विचार करते, ते पुढच्या प्रकरणांतही बहुधा विश्वासाला पात्र ठरते.

इतिहासाचे पुस्तक असेल तर छायाचित्रांखालच्या ओळी तपासाव्यात. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते पस मॉथ विमानातून. हे एका इंजिनाचे विमान असून त्याचा एकच पंख केबिनच्या माथ्यावर असतो. त्या उड्डाणाचे चित्र म्हणून दोन मजली पंखांचे विमान छापलेले असेल, तर संपादकाने चित्र कोठून तरी उचलून चिकटवले आहे हे उघड होते. टाटांनी 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, हे उड्डाण पुन्हा केले ते लेपर्ड मॉथमधून. तेही वर पंख असलेलेच विमान, त्यामुळे 1982 चे चित्र 1932 च्या नावाखाली खपून जाणे सोपे आहे. वैमानिकाचे केस पाहावेत, लगेच कळते! राइट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या प्रसिद्ध छायाचित्रात विमानात पालथा झोपलेला ऑर्व्हिल आहे आणि उजवीकडे उभा असलेला विल्बर. ही नावे उलटी छापलेली दिसली की बाकीच्या तपशिलांकडेही सावधपणे पाहावे.

तिसरी कसोटी ‘पहिला’ या शब्दाची. विमानांच्या इतिहासात हा शब्द जेवढा सैल वापरला जातो तेवढा क्वचितच दुसरीकडे वापरला जात असेल. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळालेल्या परवान्यावर 1 हा क्रमांक होता, म्हणजे भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत तो पहिला होता. यावरून ‘पहिले भारतीय वैमानिक’ असे लिहिणारा लेखक पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलातून लढलेले हरदित सिंग मलिक आणि जुलै 1918 मध्ये मारले गेलेले इंद्रलाल रॉय यांना पुसून टाकतो. पहिल्या भारतीय महिला वैमानिक म्हणून सरला ठकराल यांनी 1936 मध्ये साडी नेसून विमान चालवले ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते, परंतु उर्मिला पारीख यांना परवाना मिळाला होता तो 1932 मध्येच. चांगला लेखक ‘पहिला’ म्हणताना कशातला, कोठला आणि कोणत्या नोंदीप्रमाणे हे सांगतो.

जोड्या कशा लावाव्यात

सर्वांत उत्तम जोडी म्हणजे एकाच माणसाने एकाच घटनेवर दोनदा लिहिलेली पुस्तके. अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग 20 आणि 21 मे 1927 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास एकटा उडाला आणि त्याच वर्षी जुलैत त्याचे ‘वी’ हे पुस्तक बाजारात आले. दुसऱ्या लेखकाने तयार केलेला मसुदा नापसंत करून त्याने ते काही आठवड्यांत स्वतः लिहून काढले होते, आणि त्यात प्रत्यक्ष उड्डाणाला मोजकीच पाने मिळाली आहेत. 1953 मध्ये त्याने त्याच उड्डाणावर ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला, ज्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. या दुसऱ्या पुस्तकात झोपेशी झगडणाऱ्या वैमानिकाला मागच्या बाजूला माणसांच्या आकृत्या जाणवतात आणि त्या त्याच्याशी बोलतात. पहिल्या पुस्तकात याचा मागमूस नाही. पंचविशीतल्या तरुणाने वैमानिक म्हणून आपली पत जाईल या भीतीने हे दडवले, की पन्नाशीतल्या लेखकाने आठवणीला आकार दिला, याचा निकाल वाचकाने स्वतः लावावा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्नच पडत नाही.

दुसरी जोडी भांडणाच्या दोन बाजूंची असते, आणि तेथे पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहणे फार महत्त्वाचे ठरते. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँगली यांचे विमान 1903 मध्ये राइट बंधूंच्या आधी काही दिवस नदीत कोसळले होते. पुढे 1914 मध्ये राइट बंधूंचे प्रतिस्पर्धी विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी त्याच विमानात बरेच फेरफार करून ते थोडेसे उडवून दाखवले, आणि संस्थेने लँगलींचे यंत्रच उड्डाणक्षम असलेले पहिले विमान, असा दावा अनेक वर्षे चालवला. चिडलेल्या ऑर्व्हिलने 1928 मध्ये आपले मूळ विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. 1942 मध्ये संस्थेने जाहीरपणे आपले म्हणणे मागे घेतले, आणि विमान मायदेशी परतून 17 डिसेंबर 1948 रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रदर्शनात ठेवले गेले तेव्हा ऑर्व्हिल हयात नव्हता. आता 1930 च्या सुमाराचे एखादे अमेरिकी पुस्तक हाती आले आणि त्यात लँगलींचा गौरव दिसला, तर तो लेखकाचा स्वतंत्र अभ्यास मानावा की तत्कालीन वादाचा पडसाद, हे वर्ष पाहिल्याशिवाय कळणार नाही. उलट 1943 मध्ये निघालेले फ्रेड केली यांचे राइट-चरित्र ऑर्व्हिलच्या संमतीने लिहिलेले आहे. त्यात घरची माहिती भरपूर आहे आणि घरच्यांचा कैवारही तेवढाच आहे. दोन्ही घ्यावीत, दोन्हींना आपापल्या जागी ठेवावे.

भारतीय विमानउद्योगासाठी अशी जोडी लावताना एका बाजूला उद्योगपतीचे चरित्र आणि दुसऱ्या बाजूला अभियंत्याचे काम घ्यावे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली, आणि 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. उद्योजकांच्या चरित्रांत या दोन वर्षांची कथा सरकारशी झालेल्या झुंजीची म्हणून येते, आणि प्रत्यक्ष विमान कोणी आखले हा प्रश्न बाजूला राहतो. त्याचे उत्तर डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या कामात आहे. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे हवेच्या गतीचे नामवंत शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. भारतात आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली 1951 मध्ये उडाले, आणि किरण हे जेट प्रशिक्षण विमान 1964 मध्ये. घाटगे हे आडनाव कागल-कोल्हापुरात घरोघरी ओळखीचे असूनही हा माणूस आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतो, याची मला खंत वाटते. त्यांच्यावरचे लेखन विखुरलेले आहे. वैज्ञानिक संस्थांनी प्रसिद्ध केलेले चरित्रपर लेख शोधून ते वालचंदांच्या चरित्राशेजारी वाचावेत.

तळपदे यांच्याविषयी

मराठी वाचकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून तो टाळण्यात अर्थ नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईत गिरगावच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडवले असे अनेक पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते. अशा पुस्तकाला तीन प्रश्न विचारावेत. हकीकत प्रथम कोणत्या साली छापली गेली, त्या लेखकाने ती कोणाकडून घेतली, आणि 1895 चा प्रत्यक्ष कागद कोणी समोर ठेवला आहे का? पुस्तक एका पुस्तकाचा आधार देते, ते दुसऱ्याचा देते आणि साखळी घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणीपाशी थांबते, असे दिसले की आपल्यापुढे दावा आहे, पुरावा नाही, अशी नोंद करून पुढे जावे. तळपदे यांचे कुतूहल आणि खटपट खरी असू शकते. तिचा आदर करायला उड्डाण सिद्ध झाल्याचे मानणे आवश्यक नाही.

याच कथेशी जोडल्या जाणाऱ्या, प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाबाबत स्थिती बरीच स्पष्ट आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये त्याची भाषा आणि त्यातील यंत्रे दोन्ही तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेला असून त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निबंध छोटा आहे आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल असा आहे. ग्रंथ वाचायचा असेल तर हा निबंध जोडीला असावा.

उजळाईवाडीच्या कुंपणापाशी

ज्यांना वैमानिक व्हायचे आहे अशा मुलामुलींनी आत्मचरित्रांच्या आधी उड्डाणाचे मूलभूत पुस्तक हाती घ्यावे. वोल्फगांग लांगेविशे यांचे 1944 चे ‘स्टिक अँड रडर’ अजून शिकवले जाते, कारण त्यात समीकरणांऐवजी वैमानिकाच्या हातांना आणि पाठीला काय जाणवते येथून समजूत सुरू होते. त्यातली उदाहरणे जुन्या छोट्या विमानांची आहेत, म्हणून अमेरिकी हस्तपुस्तिकेच्या ताज्या आवृत्तीशी ते ताडून पाहावे.

वाचलेले प्रकरण विमानतळाशी जोडून पाहिले की पक्के बसते. उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या टोकांवर 07 आणि 25 असे आकडे आहेत. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या अंशांतला शेवटचा शून्य गाळून ते दिलेले असतात, म्हणजे धावपट्टीची दिशा साधारण 70 आणि 250 अंशांची. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असताना विमान कोणत्या बाजूने उतरेल, हे पुस्तक मिटून आधी सांगावे आणि मग पाहावे: विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणून ते पूर्वेकडून येऊन 25 च्या टोकाकडे टेकले पाहिजे. दुसरा प्रश्न मे महिन्यासाठी ठेवावा. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे, आणि उंची व उष्णता दोन्हींमुळे हवा विरळ होते; विरळ हवेत पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी आणि पंख्याच्या पात्यांना पकड कमी, त्यामुळे तेच विमान तेवढेच वजन घेऊन उडायला मुंबईपेक्षा लांब धाव घेते. पुस्तकात ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ या मथळ्याखाली जे कोरडे आलेख असतात, ते दुपारच्या उन्हात सहा पात्यांच्या पंख्यांवर उडणाऱ्या एटीआर या छोट्या प्रवासी विमानाची धाव पाहिल्यावर समजू लागतात. मात्र कुंपणाबाहेरून पाहावे आणि सुरक्षा कर्मचाऱ्याने हटकले तर वाद घालू नये. दुर्बीण आणि कॅमेरा घरी ठेवलेला बरा.

अपघातांचे अहवाल

अपघातांवरची पुस्तके खपतात खूप, आणि बहुतेक सनसनाटी असतात. त्यांच्याऐवजी मूळ चौकशी अहवाल वाचण्याची सवय लावावी. भारतातील अपघात अन्वेषण ब्यूरोचे अहवालही संकेतस्थळावर मिळतात. कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. 10 जानेवारी 1954 रोजी एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रात कोसळले आणि 8 एप्रिलला दुसरे. ‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट फुटले’ असे प्रत्येक पुस्तक सांगते. ब्रिटिश चौकशीत इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर उड्डाणातल्या दाबाची आवर्तने पुन्हा पुन्हा दिली गेली. आधीची खरी उड्डाणे 1221 आणि टाकीतली 1836, अशी 3057 आवर्तने झाल्यावर धड फाटले. एल्बापाशी पडलेल्या विमानाचे तुकडे जुळवल्यावर मात्र तडा सुरू झाला होता तो छतावरच्या, रेडिओ-अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी. प्रवाशांच्या खिडक्यांचे चित्र डोळ्यांपुढे पटकन उभे राहते, म्हणून लेखक तेच सांगतात. रोज वेल्डिंग आणि छिद्रांच्या कडा पाहणाऱ्या उद्यमनगरातल्या माणसाला हा अहवाल कादंबरीहून रंजक वाटेल, आणि एका छिद्राभोवती ताण कसा एकवटतो हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

जुनी प्रत आणि पावसाळा

रद्दीवाल्याकडे किंवा किलोच्या भावाने पुस्तके विकणाऱ्या प्रदर्शनात विमानांची जुनी सचित्र पुस्तके अधूनमधून मिळतात. घेण्यापूर्वी घडीचे नकाशे आणि रंगीत पाने जागेवर आहेत का पाहावे, कारण विमानांची चित्रे मुले कापून भिंतीला लावतात. ही पुस्तके गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हाच कागद सर्वांत जास्त दगा देतो. तो भिजून तसाच वाळला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून भिजलेले पुस्तक ओले असतानाच पाने हलक्या हाताने सुटी करून पंख्याखाली उभे ठेवावे, उन्हात टाकू नये. कपाट भिंतीला टेकवू नये, एवढे केले तरी कसर आणि बुरशी दोन्ही पुष्कळ कमी होतात.

गावचा भाग

पुस्तकांची सवय जडल्यावर कोल्हापूरच्या विमानतळाचा इतिहास कोणी तरी नीट लिहायला हवा असे वाटू लागते, आणि ते वाटणे अस्थानी नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातील दप्तर पाहण्यासाठी रीतसर अर्ज करावा, आणि त्या वर्षांतील स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली वाचनालयांत आहेत का, याची चौकशी करावी. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, सरनोबतवाडी या बाजूच्या वृद्ध मंडळींशी बोलताना ‘पहिले विमान कधी उतरले’ असा थेट प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर बहुधा ऐकीव असते. त्याऐवजी जमीन कोणाची गेली, धावपट्टीवर गुरे येऊ नयेत म्हणून काय सोय होती, विमान आले की शाळा सुटायची का, असे विचारावे. प्रत्येक कथनाखाली सांगणाऱ्याचे वय, तारीख, आणि त्याने ते स्वतः पाहिले की वडिलांकडून ऐकले, हे लिहून ठेवावे. सांगणाऱ्याची संमती असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, आणि त्याची एक प्रत वाचनालयातही द्यावी.